तारीख नसलेलं मशीन

आमच्या बाबांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हा प्रश्न घरात चार महिने चघळला गेला आणि शेवटी त्याचा निकाल मी दिला. मी घरातली शेंडेफळ. ऑफिसांमध्ये नेटवर्कच्या तारा ओढायचं काम करते, म्हणजे दिवसातले सहा तास शिडीवर आणि डोकं छताच्या आत. बाबा मला वायर म्हणायचे. ‘ए वायर, जेवलीस का?’ असा फोन रोज दुपारी यायचा. आता येत नाही.

बाबा लिफ्टचे मिस्त्री. बेचाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि निवृत्त झाल्यावर त्या सगळ्या लिफ्टच्या गोष्टी लिहायला बसले. कुठली लिफ्ट कुठे अडकली, आत कोण होतं, ते काय काय बोलले, बिघाड नेमका कुठे निघाला. ‘अडकलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत खरं बोलतो, नंतर तक्रार करतो,’ असं त्यांचं पहिलंच वाक्य होतं. वाचून मी खो खो हसले होते.

लिहायचं कशावर, तर आमच्या लहानपणीच्या घरगुती कॉम्प्युटरवर. टाइपरायटरसारखा जाडजूड कीबोर्ड, त्याच्या पोटातच सगळं मशीन, पडदा म्हणून टीव्ही, आणि बाजूला फ्लॉपीचा खोका. दादा शाळेत असताना बाबांनी तो आणला होता आणि आम्हा दोघांना त्यावर खेळ खेळू दिले होते, पण अर्ध्या तासाच्या वर नाही. त्याला आपली अक्षरं येत नाहीत, म्हणून बाबा आपली भाषा इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहायचे. मी त्यांना चांगला लॅपटॉप दिला होता. त्यांनी तो नीट पुसून कपाटात ठेवला. म्हणे, ‘याला हात लावला की हा काहीतरी विचारतो. माझं मशीन मला काही विचारत नाही.’

दादा-वहिनी दुसऱ्या शहरात राहतात. बाबांचं लिखाण त्यांना वाचायचं होतं आणि फ्लॉपी तर एकेक करून मरत होत्या. एकदा ‘लिफ्ट दोन’ ही अख्खी फाइल वाचता येईना, तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नाहीत धड. मग मीच मनावर घेतलं. एवढ्या ऑफिसांना जोडते, बापाचं एक मशीन जोडायला काय धाड भरलीय?

फ्लॉपीच्या खोक्याच्या जागी बसणारा एक लहानसा बोर्ड मिळतो. मशीनला वाटतं आपण फ्लॉपीवरच लिहितोय, प्रत्यक्षात ते जातं बोर्डावरच्या मेमरी कार्डावर. बोर्डाला वायफाय असतं. सकाळी मशीन चालू केलं की बोर्ड घरच्या नेटवर्कला लागतो, आमच्या सगळ्यांच्या सामाईक फोल्डरशी आपल्या फाइली ताडून बघतो, आणि जे इकडे नाही ते तिकडून आणतो, जे तिकडे नाही ते इकडून पाठवतो. एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असली तर काय करायचं, हे त्याला एकदा सांगून ठेवायचं असतं. मी सांगितलं, जिची तारीख नवी असेल ती ठेव, जुनी काढून टाक. सगळीकडे हेच सांगतात. झोपेतसुद्धा मी हेच सांगेन.

मग तपासलं. मशीनवर एक नवी फाइल लिहिली, मशीन बंद करून चालू केलं, फाइल माझ्या फोनवर हजर. फोनवरून एक नवी टाकली, ती बाबांच्या टीव्हीवर हजर. बाबांनी टाळ्या वाजवल्या. दादाने तिकडून फोन करून वाहवा केली, वहिनी म्हणाली, ‘अगं, तू तर कमालच केलीस.’ मीही पोटभर कौतुक करून घेतलं आणि बाबांच्या हातचा चहा पिऊन घरी आले.

आठवडाभराने बाबांचा फोन. ‘ए वायर, कालचं पान दिसत नाही गं.’

‘सेव्ह केलं नसेल तुम्ही.’

‘केलं होतं, असं वाटतंय.’

वाटतंय! मी संध्याकाळी गेले. पुन्हा नवी फाइल लिहून बघितली, सुरळीत गेली. म्हणजे मशीन ठीक, बोर्ड ठीक. मी टीव्हीच्या कडेला चिठ्ठी चिकटवली, ‘सेव्ह केलं का?’ बाबा हसले, म्हणाले, ‘शाळेत परत घातलंस मला.’

त्या वेळी ते ‘लिफ्ट तीन’मध्ये उन्हाच्या लिफ्टची गोष्ट लिहीत होते. आठ मजली इमारत, आणि रोज दुपारी दोन वाजता लिफ्ट कुणी न बोलावता चौथ्या मजल्यावर जाऊन उभी राहायची. कंपनीने मोटर बदलली, तारा बदलल्या, रहिवाशांनी भुताच्या गोष्टी सुरू केल्या. बाबांनी तीन दुपारी तिथे स्टूल टाकून काढल्या. दोन वाजता जिन्याच्या खिडकीतून ऊन नेमकं चौथ्या मजल्याच्या बटणाच्या पेटीवर पडायचं, आतली पत्र्याची पट्टी तापून चिकटायची, म्हणजे कुणी बटण दाबल्यासारखंच. बाबांनी खिडकीला जुन्या पडद्याचा तुकडा लावला आणि खटला मिटला. हे सगळं ते फोनवर दादाला सांगायचे. ‘आज उन्हाची लिफ्ट संपवली. चार पानं झाली.’ दादा जेवणाच्या सुट्टीत फोल्डर उघडायचा, तर ‘लिफ्ट तीन’ जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा, ‘आज उन्हाची लिफ्ट लिहिली.’ तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

वहिनीने मला फोन केला. तिचा आवाज इतका मऊ होता की मला आधी रागच आला. ‘अगं, बाबा रोज तीच गोष्ट सांगतात. काल म्हणाले स्टूल टाकून बसलो, आज म्हणाले पायरीवर बसलो. आणि लिहिलं म्हणतात ते कुठेच नसतं. तू जवळ आहेस, जरा बघ.’

मी बघितलं. म्हणजे काय केलं, तर पुन्हा नवी फाइल लिहिली आणि पुन्हा ती गेली. चार वेळा मी हाच मूर्खपणा केला. बाबांची जुनी फाइल उघडून तिच्यात एक ओळ वाढवून बघायचं माझ्या टाळक्यात आलं नाही. तार तपासायला आपण नवीन सिग्नल सोडतो, जुन्यात ढवळाढवळ करत नाही. सवय झालीय हाताला.

एका मंगळवारी मी एका बँकेच्या छतात होते, शिडीवर, तोंडात चिकटपट्टी, खाली मॅनेजर घड्याळ बघत उभा. बाबांचा फोन आला. ‘अगं, पुन्हा गेलं.’ आणि माझा तोल सुटला. मी म्हणाले, ‘बाबा, मशीन ठीक आहे. मी स्वतः तपासलंय, चार वेळा. मशीनचं डोकं ठीक आहे, तुम्ही तुमचं तपासून घ्या!’

मग ते म्हणाले, ‘बरं. तू तपासलंयस ना, मग झालं.’ आणि फोन ठेवला. मी उरलेली तार ओढली. संध्याकाळी फोन करून माफी मागावी असं मनात आलं होतं, पण दमले होते.

त्यानंतर त्यांनी मला एकदाही ‘पान गेलं’ असं सांगितलं नाही. मला वाटलं, चला, सेव्ह करायला शिकले एकदाचे.

ते काय करत होते ते आम्हाला डॉक्टरांच्या खोलीत कळलं. दादा दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता. डॉक्टर भला माणूस, घाई न करणारा. त्याने बाबांना विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतं? बाबांनी शर्टाची बाही वर केली. मनगटावर पेनाने लिहिलं होतं, ‘पाच पानं. दोनदा सेव्ह.’

‘मी रोज लिहून ठेवतो,’ बाबा म्हणाले. ‘दुपारी मशीन बंद केल्यावर लगेच. सकाळी हातावर हे असतं, आणि मशीनमध्ये काही नसतं. म्हणजे डॉक्टर, मी न केलेलं केलं म्हणून हातावर लिहितो. मला ते केल्याचं आठवतंसुद्धा. अगदी स्पष्ट आठवतं. त्याचीच भीती वाटते.’

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. ‘मशीनचा काही दोष असेल का?’

सरळ प्रश्न होता. त्या खोलीत या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारं माणूस एकच होतं. मी म्हणाले, ‘नाही. माझं कामच ते आहे.’

मग चाचण्या झाल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, रात्र रात्र न झोपलेल्या, घाबरलेल्या माणसाला शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं तर जे होईल तेच झालं. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले, त्यातले दोन आठवले. तिसरा आठवत होता, असं त्यांनी मला गाडीत सांगितलं, पण खरा की मनाचा ते कळेना, म्हणून बोलले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनीच विषय काढला. ‘मला एकट्याला ठेवू नका. उद्या गॅस बंद केला असं आठवेल आणि केलेला नसेल. इमारतीत तीस माणसं राहतात.’ दादा रडला. त्याच्या दोन खोल्यांत चार माणसं, माझी एक खोली आणि मी दिवसभर बाहेर. कुणीही वाईट नव्हतं हो, हेच तर दुखतं. सगळ्यांनी शहाण्यासारखं वागून बाबांना वृद्धाश्रमात नेऊन सोडलं. मशीन नेता का, असं मी विचारलं, तर ते एकदम म्हणाले, ‘नको नको, ते नको.’ लहान मुलाला इंजेक्शन दाखवावं तसा चेहरा झाला होता.

महिन्याभरात घर रिकामं करून द्यायचं होतं. एका रविवारी सकाळी मी एकटीच आवरत होते. भांडी झाली, कपडे झाले, मशीन उरलं. गुंडाळायच्या आधी म्हटलं, एकदा चालू करून बघावं. ‘लिफ्ट तीन’ उघडली. शेवटचं वाक्य होतं, ‘दुपारी दोन वाजता मी चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा लिफ्ट माझ्या आधी तिथे उभी होती.’ पुढे काही नाही. मी खाली एक ओळ लिहिली, ‘यापुढे बाबांना लिहिता आलं नाही.’ सेव्ह केलं. मशीन बंद करून चहा केला, आणि कप घेऊन बसताना उगाच पुन्हा चालू केलं.

माझी ओळ नव्हती.

मी पुन्हा लिहिली. सेव्ह, बंद, चालू. नव्हती. तिसऱ्यांदा लिहिताना प्रत्येक कळ मोठ्याने बोलून दाबली, आणि तरी ती गेली. खरं सांगते, मिनिटभर मला वाटलं की हे आमच्या रक्तातच असावं, आता माझीही पाळी आली. एका मिनिटात मला घाम फुटला. बाबांनी असे चार महिने काढले होते.

मग फाइलींची यादी बघितली, नावासमोरची तारीख बघितली, आणि सगळा उलगडा झाला. त्या मशीनला घड्याळच नाही. त्या काळच्या घरगुती मशीनला नसायचं, ते कितीही वेळा चालू करा, त्याच्या हिशेबी आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. बाबांनी काल दुपारी लिहिलेलं पान त्या तारखेचं. आणि फोल्डरमधली पहिल्या दिवशी गेलेली प्रत, तिकडे पोचल्याची तारीख लागल्यामुळे, या वर्षाची. सकाळी बोर्ड दोन्ही ताडून बघायचा, बाबांची पानं चाळीस वर्षं जुनी ठरवायचा, आणि माझ्या हुकुमाप्रमाणे काढून टाकायचा. नव्या फाइलीला ताडायला तिकडे दुसरी प्रतच नसते, म्हणून ती मुकाट जाते. म्हणून माझी तपासणी दर वेळी पास. मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. खोटं नाही, खरंच मारली.

काढून टाकलेलं परत मिळतं का म्हणून संध्याकाळपर्यंत कार्ड उलटंपालटं केलं. काही नाही, अक्षर नाही. बोर्ड फक्त एक नोंद ठेवतो, कुठली फाइल केव्हा बदलली आणि तिची लांबी किती होती. त्या दिवशीच्या माझ्या तीन सोडून चौऱ्याण्णव ओळी निघाल्या. ठेवलेली फाइल दर वेळी तेवढीच, आणि काढून टाकलेली कधी चार पानांनी मोठी, कधी पाच, कधी सात. चौऱ्याण्णव वेळा त्या माणसाने तेच पुन्हा लिहून काढलं होतं. बँकेच्या छतातल्या मंगळवारनंतरच्याच एकाहत्तर.

मी दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘घराच्या किल्ल्या परवा द्यायच्या आहेत.’ वहिनीने त्याच्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, ‘आधी जा आणि सांग त्यांना. आजच्या आज जा.’

आश्रमातली बाबांची खोली दोघांची. शेजारचे गृहस्थ झोपलेले होते. भिंतीवर पांढरी पाटी, तिच्यावर तिथल्या बाई रोज वार आणि तारीख लिहितात. बाबा खुर्चीत बसले होते, दाढी केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ती त्यांनी कधी अशी लावली नाहीत.

मी सगळं सांगितलं. एका दमात, रडत, नाक पुसत. त्यांनी ऐकलं. मध्ये हात वर करून थांबवलं. ‘म्हणजे मशीनला घड्याळ नाही, आणि बोर्ड तारीख बघतो.’

‘हो.’

‘मग हे पहिल्याच दिवशी सापडायला हवं होतं.’

‘हो बाबा.’

‘तू तपासलं होतंस.’

‘नव्या फाइलीवर तपासलं. जुन्या फाइलीत लिहून बघितलंच नाही.’

ते पुढे वाकले, भुवया जवळ आल्या. बिघाडाचा माग लागला की त्यांचा चेहरा असाच व्हायचा. माझ्या जिवात जीव आला. मी छापून आणलेली नोंद त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, बोटाने एकेक ओळ खाली सरकत वाचली. दुसऱ्या पानावर बोट थांबलं. त्यांनी कागद नीट घडी घालून मला परत दिला.

‘छान जुळवलंयस,’ ते म्हणाले.

‘काय जुळवलंय?’

‘सगळंच. तुझी आईपण अशीच होती. समोरच्याला बरं वाटावं म्हणून किती खटपट करायची.’

‘बाबा, मी बरं वाटावं म्हणून नाही सांगत! खरंच असं झालंय. तुम्हाला काहीही झालेलं नाहीये. चूक माझी आहे, सगळी माझी!’

शेजारचे गृहस्थ कूस बदलून पुन्हा झोपले. बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ‘हळू. अगं, तू चार वेळा तपासलं होतंस. डॉक्टरसमोर बोललीस. तेव्हा तुला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. आता आहे.’

मी कागद पुन्हा उघडला, लांबी दाखवली, तारखा दाखवल्या. ते मान हलवत राहिले. मी म्हणाले, बरं, राहू दे, मला उन्हाची लिफ्ट सांगा, तुम्ही बोला, मी आत्ता इथे बसून लिहून घेते. त्यांनी तोंड उघडलं, पाटीकडे बघितलं, आणि हसले. ‘नको गं. मी मनाचं काहीतरी सांगेन आणि तू खरं धरून लिहिशील. पडदा लावला होता की नाही तेही आता कोण सांगणार?’

‘लावला होता. तुम्हीच सांगितलंत.’

‘मीच ना?’

मी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हणाले, घरी चला. किल्ल्या परवा द्यायच्या आहेत, अजून दिलेल्या नाहीत. मी तिथे राहायला येते तुमच्याबरोबर, नोकरी गेली खड्ड्यात. त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत.

‘माझा मला भरवसा नाही गं,’ ते म्हणाले. ‘कुणाच्या भरवशावर येऊ?’

माझ्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात बाई गोळ्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आजोबा, सकाळची घेतली होती का? बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला काय माहीत, मी तर आत्ता आले होते. ते बाईंना म्हणाले, ‘घेतल्याचं आठवतंय. म्हणजे नसेन घेतली. द्या.’